हॉया रेटुसा गोव्यात कशाने मरते आणि कशाने जगते

हॉया रेटुसा पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं, कुणीतरी गवताची जुडी कुंडीतून उलटी सोडली आहे. पानं बारीक, लांबट, पेराजवळ झुबक्याने आलेली. पण एक पान बोटांत धरून टोकाकडे नीट पाहा. गवताचं पान टोकाला निमुळतं होतं, हे मात्र टोकाकडेच जास्त रुंद होतं, आणि तिथे मधोमध कुणी कुरतडल्यासारखी बारीक खाच असते. देठाजवळ तोडलंत तर पांढरा चीक येतो. फूल आलं की मग गवताचा संशयच उरत नाही: मेणाची असावी अशी पांढरी पाच कोनी चांदणी आणि मधे लालसर जांभळा मुकुट.

परदेशी रोपवेडे ही वेल ‘दुर्मीळ’ म्हणून मिरवतात. आहे मात्र ती आपल्याच पश्चिम घाटातली. मुंबई इलाख्याच्या वनखात्यात काम केलेल्या डालझेल या स्कॉटिश वनस्पतिशास्त्रज्ञाने १८५२ साली तिचं शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केलं. म्हणजे आपल्या डोंगरातली वेल युरोपातल्या काचघरांत गेली, तिथून दिवाणखान्यांत गेली, आणि आता कुरिअरच्या खोक्यात बसून म्हापशाला नि मडगावला परत येते आहे. येताना सोबत सूचनाही आणते: खोलीत दमट हवेचं यंत्र लावा, दक्षिणेची खिडकी द्या, मॉस (कुंडीत घालायचं वाळवलेलं शेवाळ) ओलं ठेवा. थंड, कोरड्या देशांत हे सगळं बरोबर आहे. फोंड्याच्या जुलैत त्या सूचना तंतोतंत पाळल्या तर पंधरा दिवसांत कुंडीत पानं गळायला लागतील. गोव्यात दमटपणाची चिंता या रोपाला कधीच नसते. तिला कमी पडतो तो मुळांभोवतीचा वारा.

मुळांना वारा का लागतो, हे समजलं की बाकीची निगा आपोआप सुचते. म्हणून तिथेच जरा थांबू.

झाडावर राहते, झाडाचं खात नाही

आंब्यावर, फणसावर वाढलेलं बांडगूळ आपण लहानपणापासून बघतो. ते यजमान झाडाच्या फांदीत मुळं घुसवतं आणि त्याचा रस ओढतं. हॉया त्यातली नाही. ती झाडाचा उपयोग फक्त बसायला करते, सीतेची वेणी हे ऑर्किड करतं तसाच. खोडाच्या खाचांत साठलेला पालापाचोळा, शेवाळ, पावसाचं ओघळणारं पाणी, पाखरांची विष्ठा, एवढ्यावर तिचं भागतं. शास्त्रीय मराठीत अशा झाडांना अपिवनस्पती म्हणतात.

आता पावसाळ्यात फांदीवरच्या त्या मुळांचं काय होतं ते डोळ्यांसमोर आणा. सर आली की मुळं चिंब होतात. सर थांबली की वारा लागतो आणि पाणी निथळतं. तासा-दोन तासांत पुन्हा सर. म्हणजे भिजणं भरपूर, पण साचणं अजिबात नाही. चोर्ला घाटात धो धो पाऊस पडत असला तरी फांदीवर डबकं होत नाही. कुंडीत होतं, सगळा फरक एवढाच.

मुळं जिवंत असतात आणि त्यांनाही ऑक्सिजन लागतो. मातीच्या कणांमधल्या पोकळ्यांत हवा असते तोवर तो मिळतो. त्या पोकळ्या पाण्याने भरल्या की ऑक्सिजन पाण्यातून सरकत यावा लागतो, आणि पाण्यातून तो हवेच्या तुलनेत सुमारे १०,००० पट संथ सरकतो. मुळं गुदमरतात. गुदमरलेल्या, मऊ पडलेल्या मुळांवर पिथियम, फायटोफ्थोरा असले रोगजंतू बसतात. फायटोफ्थोरा हे नाव नवखं वाटेल, पण सुपारीचं कुळागर असलेल्या कुणालाही तो ओळखीचा आहे: पावसाळ्यात कोवळी सुपारी कुजवून खाली पाडणारा कोळेरोग त्याचाच. हॉयाच्या कुंडीत तो सुपारीच्या बागेतून उडून येतो असं नव्हे. त्याला सतत ओल आणि कोंदट जागा लागते, आणि ती सोय आपण प्लास्टिकच्या कुंडीत आयती करून देतो.

यातली खरी फसवणूक पुढे आहे. मुळं कुजली की ती पाणी ओढू शकत नाहीत, म्हणून पानं मऊ पडतात, सुरकुततात. बघणाऱ्याला वाटतं, रोप तहानलंय. तो आणखी पाणी घालतो. घरातल्या बहुतेक हॉया अशाच मरतात, मायेने. ओळखायची युक्ती साधी आहे: कुंडी उचलून पाहा. पानं मऊ आणि कुंडी हलकी असेल तर तहान. पानं मऊ आणि कुंडी जड असेल तर मुळं गेली. दुसऱ्या प्रकारात त्याच दिवशी रोप बाहेर काढायचं. चांगलं मूळ बोटांना घट्ट लागतं. कुजक्याची तपकिरी साल चिमटीत निघून येते आणि मागे दोऱ्यासारखी शीर राहते. ती सगळी मुळं स्वच्छ कात्रीने काढायची, आणि वरच्या निरोगी फांद्यांचे छाट करून ठेवायचे, कारण मूळ रोप वाचेलच याची हमी कुणी देऊ शकत नाही.

कुंडीच्या तळाला खडे घालू नका

आपल्याकडे आजीपासून नर्सरीवाल्यापर्यंत सगळे सांगतात, कुंडीच्या तळाला खडे किंवा विटांचे तुकडे घाला म्हणजे पाणी निघून जाईल. भोक बुजू नये म्हणून खापरीचा एखादा तुकडा ठेवणं ठीक आहे. पण खड्यांचा थर घातल्याने वरची माती लवकर कोरडी होत नाही, उलट मुळांचीच अडचण होते.

भांडी घासायचा स्पंज पाण्यात बुडवा आणि तळहातावर आडवा धरा. थोडं पाणी गळेल आणि थांबेल. आता न पिळता तोच स्पंज उभा धरा. पुन्हा पाणी गळायला लागेल. स्पंज तोच, पाणी तेच, फक्त उंची वाढली. बारीक छिद्रांच्या कुठल्याही पदार्थात तळाशी पाण्याचा एक थर असा अडकून राहतो, गुरुत्वाकर्षणाने तो खाली जात नाही. माती जितकी बारीक तितका हा थर जाड. कुंडीत खडे घातले की तो थर खड्यांमध्ये उतरत नाही, खड्यांच्या वर बसतो, म्हणजे मुळांच्या आणखी जवळ येतो. त्यामुळे उपाय तळाशी करून भागत नाही. अख्खं मिश्रणच भरड हवं, इतकं की मूठभर ओलं मिश्रण दाबून सोडलं तर त्याचा गोळा न होता ते विस्कटून पडावं.

गोव्यात असं मिश्रण विकत आणायचीही फारशी गरज नाही. नारळाची सोडणं घरोघरी असतात. ती अंगठ्याच्या पेराएवढी तोडून, दोन-तीनदा पाणी बदलत भिजवून, वाळवून घ्यायची. धुणं टाळू नका. सोडणात मुळातच क्षार असतात, आणि खाडीच्या पाण्यात भिजवलेलं असेल तर मीठही मुरलेलं असतं. निम्मी सोडणं, उरलेल्या निम्म्यात लाकडी कोळशाचे तुकडे आणि जुन्या मंगलोरी कौलांचा चुरा, वर मूठभर चाळलेलं पालापाचोळ्याचं खत. कौल भाजलेल्या मातीचं असल्याने थोडं पाणी शोषून ठेवतं आणि हळूहळू सोडतं. परलाइट, म्हणजे नर्सरीत मिळणारे हलके पांढरे दाणे, मिळालं तर घाला, नाही मिळालं तर काही अडत नाही. नर्सरीत विटेच्या आकारात मिळणारं बारीक कोकोपीट मात्र हॉयासाठी माझ्या मते गोव्यात वापरूच नये. उन्हाळ्यात ते बरं चालतं, पण जून लागला की ते आठवडा आठवडा ओलं राहतं आणि वरून पाहिलं तर कोरडं दिसतं.

कुंडी लहान घ्या. मुळांच्या गुंत्यापेक्षा बोटभर मोठी पुरे. मोठ्या कुंडीत मुळं न पोचलेला भाग ओला राहतो आणि आंबतो. मातीची कुंडी बाजूंनीही वाळते, म्हणून पावसाळ्यात ती प्लास्टिकपेक्षा कितीतरी बरी.

पाण्याचं वेळापत्रक विचारू नका, कारण ते सांगता येत नाही. फेब्रुवारी ते मे या काळात कुंडी तीन-चार दिवसांत हलकी होते. जुलैत दहा-बारा दिवस झाले तरी पाण्याची गरज नसेल. ‘दर रविवारी पाणी’ हा नियम दोन्ही ऋतूंत चुकीचा ठरतो. कुंडी उचलायची सवय लावून घ्या. हाताला वजन आठवड्याभरात कळायला लागतं. पाणी घालताना मात्र चमचाभर नको. भोकातून सुटेपर्यंत सगळीकडून घाला आणि बशीत साचलेलं फेकून द्या. सर येते आणि निथळते, तेच आपण हाताने करायचं.

हॉया इतकं कमी पाणी का पिते, याचं एक गमतीशीर कारण आहे. कार्नोसासारख्या जाड पानांच्या हॉया पानांवरची सूक्ष्म छिद्रं दिवसा बंद ठेवतात आणि रात्री उघडतात. कार्बन डायऑक्साइड रात्रीच आत घेऊन आम्लाच्या रूपात साठवायचा, आणि दिवसा ऊन आलं की दारं लावून त्याची साखर करायची. भर उन्हात दार उघडं नसल्याने पाणी उडून जात नाही. निवडुंग, अननस हेही असंच करतात. झाडाच्या फांदीवर, मातीविना जगायचं तर पाण्याचा इतका हिशेब ठेवावाच लागतो.

पाणी कुठलं हाही प्रश्न आहे. नळाचं पाणी रात्रभर उघडं ठेवून वापरलं तर चालतं. किनाऱ्याकडच्या विहिरींना एप्रिल-मेमध्ये खारटपणा येतो. ते पाणी घातलं की पानांची टोकं तपकिरी होतात आणि कुंडीच्या कडेला पांढरी पुटं चढतात. सर्वांत उत्तम पावसाचं. पागोळ्यांचं पाणी सुरुवातीचे काही दिवस जाऊ द्या, छप्पर धुऊन निघालं की मग पिंपात धरा आणि झाकण घट्ट लावा, नाहीतर हॉयाआधी डासांची पैदास होईल.

दक्षिणेची खिडकी आपली नव्हे

लंडनमध्ये भर दुपारचा सूर्य वर्षभर दक्षिणेकडेच राहतो, म्हणून तिकडची पुस्तकं दक्षिणेच्या खिडकीचे गोडवे गातात. पणजी साडेपंधरा अंश उत्तर अक्षांशावर आहे. इथे मेच्या सुरुवातीला सूर्य भर दुपारी थेट डोक्यावर येतो, मग उत्तरेकडे सरकतो आणि ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास पुन्हा डोक्यावरून दक्षिणेला जातो. म्हणजे मेमध्ये आपल्या दक्षिणेच्या खिडकीत दुपारचं ऊन जवळपास शिरतच नाही, आणि डिसेंबरात तेच ऊन खोलीत आतवर येतं. एका जागी टांगलेल्या कुंडीला वर्षभर सारखाच उजेड मिळेल अशी खिडकी गोव्यात नसते.

पूर्वेची खिडकी सर्वांत निर्धास्त. सकाळचं कोवळं ऊन दोन तास मिळालं तर रेटुसा खूश असते. पश्चिमेची खिडकी मार्च ते मे अंगावर येते. तिथे पातळ पडदा हवाच. खिडकीपासून खोलीत आत गेलं की उजेड आपल्याला वाटतो त्यापेक्षा फार झपाट्याने पडतो, कारण डोळे जुळवून घेतात आणि झाडाला ती सोय नाही. फोनमधल्या उजेड मोजायच्या अॅपवर खिडकीशी १०,००० ते २०,००० लक्स दिसले तर छान. सोफ्यामागच्या कोपऱ्यात तेच काही शेकड्यांवर आलेले असतात. तिथे रोप मरत नाही, पण फुलतही नाही. वर्षानुवर्षं हिरवा पडदा म्हणून लोंबत राहतं.

जुन्या घरात राहणाऱ्यांचा मला हेवा वाटतो. शिंपल्यांच्या तावदानांची खिडकी ही हॉयासाठी बनवल्यासारखी आहे. शिंपल्यातून ऊन गाळून येतं, दुधाळ, सगळीकडे सारखं. आणि घरापुढचं बाल्कांव तर त्याहून सरस: डोक्यावर कौलं, तिन्ही बाजूंनी वारा, पावसाची झड आतपर्यंत येत नाही. फ्लॅटवाल्यांनी निदान खिडकी उघडी ठेवावी. पावसाळ्यात आठ-आठ दिवस कोंदट राहिलेल्या खोलीत पंख्याचा मंद वारा दिवसातून काही तास मिळाला तरी पानांवरचे बुरशीचे डाग पुष्कळ कमी होतात. एसीचा झोत मात्र थेट नको.

फुलाची दांडी आणि कुटुंबातली मंडळी

हॉया हे नाव रॉबर्ट ब्राउन यांनी १८१० मध्ये थॉमस हॉय या इंग्लंडमधल्या माळ्यावरून ठेवलं. कुळाने मात्र ती आपल्या रुईची, कण्हेरीची, देवचाफ्याची, सदाफुलीची नातलग. रुईशी तर नातं फारच जवळचं. मारुतीला वाहायच्या माळेतलं रुईचं फूल घ्या, मधोमध पाच कोनांचा मुकुट दिसेल. हॉयाच्या फुलातही तोच. दोघांचेही पराग सुटे उडत नाहीत. ते दोन-दोन पिवळ्या पिशव्यांच्या जोडीत बांधलेले असतात, आणि मुकुटाच्या फटीत किड्याचा पाय अडकला की ती जोडी पायाला चिकटून दुसऱ्या फुलापर्यंत जाते. शेंग धरलीच तर आतून रुईसारख्याच म्हाताऱ्या उडतात. घरात ते क्वचितच घडतं.

फुलासाठी तीन गोष्टी लागतात: उजेड, वय आणि सोशीकपणा. छाटापासून वाढवलेल्या रोपाला दोन-तीन वर्षं देऊन बघा. बहुतेक हॉयांमध्ये फूल गळून गेल्यावरही दांडी राहते आणि पुढच्या खेपेला त्याच दांडीवर पुन्हा कळ्या येतात, म्हणून वाळल्यासारखी दिसली तरी ती कापायची नाही. रेटुसाची दांडी इतकी आखूड असते की दिसतही नाही, त्यामुळे फूल आलेल्या फांद्यांना कात्रीच लावू नये. कळ्या दिसल्यावर कुंडी हलवली, जागा बदलली तर त्या गळून पडण्याची भीती असते. चवथीच्या साफसफाईत पाहुण्यांना दिसावी म्हणून कुंडी बाहेरच्या खोलीत आणून टांगायचा मोह तेवढा आवरा.

खत थोडं. ऑर्किडसाठी मिळणारं पाण्यात विरघळणारं खत, पाकिटावर लिहिलंय त्याच्या पाव मात्रेत, महिन्यातून एकदा, आणि तेही रोप वाढत असेल तेव्हा. भर पावसाळ्यात, उजेड नसताना खत म्हणजे नुसतं मीठ.

कीड लागलीच तर बहुधा दोनपैकी एक: पानांच्या बगलेत कापसासारखा बसलेला पिठ्या ढेकूण, नाहीतर कोवळ्या शेंड्यांवरचा पिवळा मावा. हा मावा रुई-कण्हेरीवरही हमखास दिसतो, तेव्हा बाल्कनीत कण्हेर असेल तर ती आधी तपासा. कुंडीवर मुंग्यांची रांग दिसली तर समजा वर कुणीतरी गोड पाझरतंय. मुंग्या या किडींची राखण करतात. पिठ्यासाठी कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून एकेक टिपायचा. माव्याला नळाच्या पाण्याचा जोर आणि मग सौम्य साबणाचं पाणी पुरतं. निंबोळी तेल मारायचं तर संध्याकाळी, उन्हात नको, पानं भाजतात.

छाट आणि खरेदी

नवं रोप करायचं तर फांदीचा दोन-तीन पेरांचा तुकडा हवा. मूळ आणि नवा कोंब दोन्ही पेरातून येतात. नुसतं पान ओल्या मॉसमध्ये ठेवलं तर त्याला मुळं फुटतीलही, पण रोप होणार नाही. व्हॅलेंटाइन डेच्या आसपास लहान कुंडीत खोचलेलं हृदयाच्या आकाराचं एकच पान विकायला येतं, ते हॉया केरीचं. पेर नसेल तर ते पान वर्षानुवर्षं हिरवं राहील आणि जागचं हलणार नाही. विकणारा ते सांगत नाही.

कापल्यावर चीक येईल. तो पाण्याखाली धुऊन काप तासभर सावलीत सुकू द्या. हा चीक कण्हेरीसारखा विषारी नाही, तरी डोळ्यात जाऊ देऊ नका, हात धुवा. मग धुतलेल्या सोडणाच्या बारीक काथ्यात किंवा पिळलेल्या मॉसमध्ये एक पेर पुरून ठेवा. गोव्यात त्यासाठी ऑक्टोबर-नोव्हेंबर सर्वांत चांगला: ऊब आहे, उजेड परतला आहे, बुरशीचा जोर ओसरला आहे. जुलैत झाकणाच्या डब्यात छाट ठेवले तर मुळांआधी पांढरी बुरशी दिसते.

रेटुसा जंगलातली आहे म्हणून जंगलातून आणू नये. म्हादई, मोलें, नेत्रावळी ही अभयारण्यं आहेत, आणि तिथून झाडं उपटून नेणं वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार गुन्हा आहे. शिवाय फांदीवरून ओरबाडून आणलेल्या वेलीची मुळं सालीतच तुटून राहतात आणि घरात ती तगणं कठीण. नर्सरीतला मुळं धरलेला छाट घ्या. विकत घेताना फोटोत पेरं दिसतात का आणि नवा कोंब आहे का, ते विचारा. पोचल्यावर लगेच कुंडी बदलू नका. दोन आठवडे सावलीत, वाऱ्यावर, इतर झाडांपासून लांब ठेवा, म्हणजे पिठ्या सोबत आला असेल तर तो तिथेच सापडेल. पाठवणाऱ्याने मुळांभोवती ओल्या मॉसचा घट्ट गोळा बांधला असेल तर तेवढा मात्र त्याच दिवशी सोडवून काढा.